या खेपेची वारी तू कर

अकलूज,
पालखी गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी

चि. बाळास,
आत्याचे अनेक आशीर्वाद.

काल तुकोबांची पालखी पुढं बोरगावच्या वाटेला लागली आणि आज गाव वऱ्हाड गेलेल्या मांडवासारखं दिसतंय. रस्त्यावर केळ्यांच्या साली, चहाचे कागदी कप, कुणाची तरी एक चप्पल. नगरपरिषदेची माणसं सकाळपासून झाडतायत. सराटीला पादुकांना निरेचं स्नान झालं, मग सदाशिवराव माने विद्यालयाच्या पटांगणात रिंगण. तुझी बहीण छकुली मैत्रिणींबरोबर गेली होती. अश्व गेल्यावर त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावून आली, आणि चिमूटभर कागदात बांधून माझ्यासाठी आणली. माझ्या गुडघ्यानं यंदा मला गच्चीच्या पायरीपलीकडं जाऊ दिलं नाही. तिथं बसून नुसते टाळ ऐकले.

तर पत्र लिहायचं कारण. फोनवर तुझ्या वडिलांचं, अण्णाचं नाव निघालं की तुझं "नेटवर्क जातंय". गेल्या आठ महिन्यांत तीन वेळा गेलं, मी मोजलंय. पत्राचं नेटवर्क जात नाही, म्हणून हे कागद काढले. रागावून लिहीत नाही रे. रात्री जेवून, भांडी घासून, शांतपणे खोलीवर वाच. एका दमात नाही वाचवलं तर दोनदा वाच.

तुझा राग मला ठाऊक आहे आणि तो खोटा नाही. ऐन शेवटच्या वर्षाला तुझं कॉलेज सुटता सुटता राहिलं. ठरत आलेली सोयरीक मोडली. तुझ्या आईनं बाजारात जायची वेळ बदलली, दुपारी ऊन तापल्यावर जाते, तेव्हा ओळखीची माणसं कमी भेटतात. हे सगळं एका संध्याकाळच्या बांधाच्या भांडणानं झालं. आणि आपल्यापेक्षा जास्त त्या दुसऱ्या घरचं नुकसान झालं. माणूस गेला. त्याच्या बायकोला मी श्रावणात अकलाईच्या देवळात पाहिलं. मी मान खाली घातली, तिनं घातली नाही, आणि ते बरोबरच होतं. मी माझ्या पाठच्या भावाला निर्दोष म्हणत नाही. माळशिरसच्या कोर्टानं सात वर्षं दिली, ती त्यानं भोगायची आहेत, आणि तो भोगतोय. पण शिक्षा देणं कोर्टाचं काम होतं, ते झालं. त्यात आपल्या घरानं वरची भर घालायची काय गरज? भेटायला गेलं म्हणजे त्याची बाजू घेतली असं होत नाही बाळा. मला हे समजायला वर्ष लागलं, तुला थोडा जास्त वेळ लागला तरी चालेल.

अण्णा आता येरवड्याच्या जेलमध्ये. येरवडा म्हटलं की आमच्या लहानपणी वेड्यांचं हॉस्पिटलच डोळ्यांपुढं यायचं. कुणी वेड्यासारखं वागलं की "याला येरवड्याला पोचवा" म्हणायचे, आम्हीही म्हणायचो. पुढं मास्तरीण झाल्यावर दर १२ जानेवारीला मी वर्गात सोलापूरच्या चार हुतात्म्यांची गोष्ट सांगायची. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन, चौघांना १९३१ साली त्याच येरवड्यात फाशी दिली. सांगताना माझा आवाज भरून यायचा आणि पोरं चिडीचूप व्हायची. सोलापूरच्या जेलमधून अण्णाला येरवड्याला हलवल्यावर मी पहिल्यांदा त्या भिंतीपाशी उभी राहिले, तेव्हा तेच आठवलं. ती माणसं कुठं आणि आपला अण्णा कुठं! लाज वाटली, पिशवी छातीशी धरून भिंतीकडं पाठ करून उभी राहिले. मग शेजारच्या रांगेतली एक म्हातारी म्हणाली, "पहिल्यांदा आलाय का? आधार कार्ड हातात काढून ठेवा." ती बारा वर्षं येत होती. तिनं मला सगळं शिकवलं. मुलाखतीचं नाव आधी लावायचं, घरची भाकरी आत जात नाही तेव्हा उगाच बांधून आणायची नाही, त्याच्या खात्यावर मनीऑर्डर टाकली की त्याला आतल्या कँटीनमधून साबण-बिस्किटं घेता येतात. मी बाजरीच्या भाकरी आणि शेंगाची चटणी नेली होती. ती आम्ही दोघींनी रस्त्याकडेच्या झाडाखाली बसून खाल्ली.

तेव्हापासून महिन्याला एकदा जाते. पहाटेची एसटी, इंदापूरवरून स्वारगेट, तिथून शहराची बस. बायकांना अर्धं तिकीट झाल्यापासून बरं पडतं. आत गेल्यावर मध्ये काच, हातात फोन, वीसेक मिनिटं. पहिली पाच तर नुसतं "कसा आहेस, कशी आहेस" यातच जातात.

आता तुला एक गोष्ट सांगते, ती आजवर तुझ्या आईलाही सांगितली नाही. दुसऱ्या वर्षी एकदा निघताना मी सहज म्हटलं, "पुढल्या महिन्यात पहिल्या सोमवारी येते." आणि त्याच आठवड्यात माझ्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. मोतीबिंदूचं, तुला आठवत असेल, हिरवी पट्टी बांधून बसले होते. जाणं झालं नाही. कळवायचं डोक्यातच आलं नाही, म्हटलं पुढच्या वेळी सांगू. पुढच्या वेळी गेले तर अण्णा काचेपलीकडं बसला आणि बराच वेळ फोनच उचलेना. मग म्हणाला, "ताई, सोमवारी मी दाढी करून बसलो होतो. नाव पुकारतील म्हणून जेवायलासुद्धा उठलो नाही. मग वाटलं, तू गेलीस." गेलीस म्हणजे मेलीस. त्याला तसंच वाटलं होतं, कारण आत बसलेल्या माणसाला दुसरं काय वाटणार? आपल्याला बाहेर शंभर कारणं दिसतात, गाडी चुकली, पाहुणे आले, पाऊस झाला. त्याला एकच दिसतं. मी तिथं काचेसमोर रडले, आणि माझी वीस मिनिटं रडण्यात संपली.

त्या दिवसापासून मी एक ठरवलंय, तेच तुला सांगायचं आहे. थोडंच कबूल करायचं, पण कबूल केलेलं चुकवायचं नाही. आठवड्याला लिहिणं जमणार नसेल तर महिन्याला लिही. महिन्याला जमणार नसेल तर सणावाराला लिही. पण "लिहितो" म्हणून लिहायचं राहू देऊ नकोस. एकदम दहा पानं लिहून मग वर्षभर गप्प बसण्यापेक्षा दर महिन्याला पन्नास पैशांचं पोस्टकार्ड बरं. वारकऱ्याचं काय असतं? आपल्या घरावरून दरवर्षी जाणारे ते धाराशिवकडचे बुवा, त्यांना कधी कुणी विचारलं का, यंदा विठोबानं तुम्हांला काय दिलं? नेम धरलाय, चालतात. पाय थकले की मुलगा निघतो त्यांच्या जागी, पण घराची वारी मोडत नाही.

आत राहिलेल्या माणसाला आठवड्याला असा एक खुंटा लागतो बांधून घ्यायला. मोठमोठ्या माणसांनाही लागला. विनोबा १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात होते, तेव्हा दर रविवारी गीतेचा एकेक अध्याय सांगायचे. अठरा अध्याय, अठरा रविवार. साने गुरुजी समोर बसून उतरवून घ्यायचे, त्याचीच 'गीता प्रवचने' झाली. त्याच गुरुजींनी पुढच्या वर्षी नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिलं, ते तर तुला मीच वाचून दाखवलंय, आणि तू पांघरूण तोंडावर घेऊन रडायचास. आणि आपल्या येरवड्यातच १९३० साली गांधीजी दर मंगळवारी सकाळी साबरमतीच्या आश्रमाला पत्र लिहायचे, म्हणून त्या पत्रांच्या पुस्तकाचं नाव 'मंगल प्रभात'. तिकडं आश्रमातली माणसं त्या पत्राची वाट बघत असतील यात नवल नाही. पण मला वाटतं, लिहिणाऱ्यालाही मंगळवार हवाच असणार. आपला अण्णा काही महात्मा नाही. पण वार त्यालाही मोजावे लागतात.

लिहायचं काय, असं म्हणशील. मीही आधी मोठं मोठं लिहायची. धीर धर, देवावर भरवसा ठेव, सगळं ठीक होईल. त्याचं उत्तर दोन ओळींचं यायचं. मग एकदा सहज लिहिलं की गाय व्यायली, कालवड झाली, कपाळावर पांढरा टिळा आहे. तर बहाद्दराचं चार पानी उत्तर! कालवडीचं नाव काय ठेवलं, चीक कुणाकुणाला दिला, गोठ्याचं छप्पर गळतंय का. तेव्हापासून मी बारीकसारीकच लिहिते. निरेला पाणी किती आलं, केळीला काय भाव निघाला, कारखान्याचा भोंगा किती वाजता झाला, घोडेबाजारात यंदा किती गर्दी होती, अकलाईच्या देवळाला कोणता रंग दिला. तू तुझं लिही. चेन्नईच्या मेसमधलं सांबार किती आंबट असतं, रात्रपाळीला झोप येते का, तुझ्या खोलीतला तो ओडिशाचा पोरगा तुझ्याकडून मराठी शिव्या शिकला तेसुद्धा लिही.

आणि त्याला काहीतरी विचारत जा. हे मला छकुलीनं शिकवलं. मागच्या जुलैत आडसाली उसाची लागण करायची होती. ८६०३२ लावावा की २६५, यावरून घरात वाद. छकुली म्हणाली, "अण्णांना विचारू या की." विचारलं. अण्णानं बेण्याच्या डोळ्यापासून मोठ्या बांधणीपर्यंत सगळं लिहून पाठवलं, खाली चारी बाजूंनी सरी काढून नकाशा. आम्ही ८६०३२ लावला, त्यानं सांगितला म्हणून. तो आत गेल्यापासून पहिल्यांदा आपल्या घरात त्याचा शब्द चालला. तुलाही कसला तरी निर्णय घ्यायचा असेल, नोकरी बदलायची असेल, गाडी घ्यायची असेल, तर त्याला विचार. त्याचं ऐकलंच पाहिजे असं नाही.

चार गोष्टी मात्र सांभाळ. पत्रं तिथले अधिकारी उघडून वाचतात, मगच त्याच्या हातात जातात, हे लक्षात ठेव. खटल्याचं, अपिलाचं, त्या दुसऱ्या घरचं काही लिहायचं नाही. ते वकिलाशी आणि समोरासमोर बोलायचं. पाकिटावर त्याचं पूर्ण नाव, आजोबांच्या नावासकट, आणि त्याचा कैदी नंबर नीट घाल, तिथं एका नावाची खूप माणसं आहेत. वाईट बातमी असेल तर पत्रात टाकू नकोस, आणि फोनच्या शेवटच्या मिनिटाला तर कधीच नाही. बापूकाका गेले तेव्हा मी मुलाखत सुरू होतानाच सांगितलं, म्हणजे आम्हांला दोघांना रडून घ्यायला वेळ मिळाला. आणि उत्तर आलं नाही तर रुसू नकोस. काही आठवडे त्याचे असे जातात की त्याला पेन उचलवत नाही. तो तसं सांगणार नाही, पण अक्षरावरून मला कळतं.

पैशाचंही बोलते. तू दर महिन्याला घरी पैसे पाठवतोस, त्याबद्दल तुझी आई देवापुढं तुझं नाव घेते. पण अण्णाही हात बांधून बसलेला नाही, हे तुला माहीत नसेल. आत काम करतो, मजुरी मिळते. १ मे २०२२ पासून राज्य सहकारी बँकेनं येरवड्यात 'जिव्हाळा' म्हणून कर्जयोजना सुरू केलीय, पन्नास हजारांपर्यंत मिळतात आणि मजुरीतून फिटतात. छकुलीच्या शाळेच्या वेळी त्यानं त्यातून पैसे काढून पाठवले. मी तुला सांगू नये असं तो म्हणाला होता. सांगितलं.

छकुलीची आणखी एक गंमत. जेलमध्ये गळाभेट म्हणून कार्यक्रम असतो, लहान मुलांना काचेशिवाय आईबापाला भेटू देतात. तिला घेऊन गेले. अण्णा आत गेला तेव्हा ती चौथीत होती, आता सातवीत. तो खाली वाकून, दोन्ही हात कमरेच्या उंचीवर पसरून उभा राहिला. तेवढी उंची त्याच्या ध्यानात होती. ही समोर आली तर त्याच्या छातीला लागली. त्याला हात कुठं ठेवावेत कळेना. घरी येताना गाडीत छकुली म्हणाली, "आत्या, अण्णांना साबणाचा वेगळाच वास येतो." तेवढंच बोलली, मग खिडकीतून बाहेर बघत राहिली.

आणि मागच्या वर्षी संचित रजेवर तो घरी आला होता तेव्हा तू आला नाहीस, सुट्टी नाही म्हणालास. मी काही बोलले नाही. आता बोलते. ती रजा सहजी मिळत नाही. आतली वागणूक बघतात, इकडं पोलीस घरी येऊन चौकशी करतात, नातलगाला जामीन राहावं लागतं. मी सही केली. घरी आला आणि पहिल्या दिवशी तुझ्या आईला म्हणाला, "पाणी पिऊ का?" स्वतःच्या घरात, स्वतःच्या माठातलं! तुझी आई स्वयंपाकघरात जाऊन बसली. तो अंगणाबाहेर पाऊल टाकत नव्हता, त्या दुसऱ्या घरच्या माणसांच्या समोर पडू नये म्हणून. संध्याकाळी पुण्याच्या गाडीची वेळ झाली की मात्र उठून फाटकापाशी जायचा. का, ते मी लिहीत नाही.

त्याची वागणूक चांगली आहे. पुढंमागं खुल्या जेलमध्ये जाता येईल अशी त्याला आशा आहे. येरवड्यालाही खुलं जेल आहे, पण त्याचं मन आटपाडीच्या स्वतंत्रपूरवर. औंधच्या पंतप्रतिनिधींच्या काळात, १९३९ साली सुरू झालेली ती वसाहत, कैद्यांनी शेती करायची आणि घरच्यांबरोबर राहायचं. त्यावरूनच गदिमांनी कथा लिहिली आणि शांतारामबापूंनी १९५७ साली 'दो आँखें बारह हाथ' काढला. तुझ्या आजोबांनी तो पंढरपूरला जाऊन तीनदा पाहिला होता. तेव्हा कुणाला वाटलं होतं की आपल्याच घरातला माणूस तिथं जायची इच्छा धरील! होईल न होईल, सरकारच्या हातात आहे. पण अशा कागदांवर घरच्यांचा संबंध आहे का हा प्रश्न येतोच, आणि माणूस बाहेर पडतो तेव्हा तर त्याला दार उघडणारं कुणी लागतंच. वर्षानुवर्षं गप्प राहून त्या दिवशी एकदम बाप-लेक होता येत नाही रे. आत्तापासून थोडं थोडं बोलत राहावं लागतं.

आता मुद्द्याचं. माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलंय. घाबरू नकोस, डॉक्टर चांगले आहेत, पण दीड-दोन महिने प्रवास बंद म्हणालेत. तुझ्या आईचा बीपी तुला ठाऊक आहे, एकटी तिला पाठवत नाही. म्हणजे पुढच्या महिन्याची माझी वारी चुकणार. तर माझ्याऐवजी तू कर. पुण्याला यायला नको. मोबाइलवर ई-मुलाखत असते, त्यात तुझं नाव, ओळखपत्र आणि अण्णाचं नाव-नंबर भरायचं, मंजूर झालं की तारीख आणि वेळ येते. छकुलीला सगळं जमतं, अडलं तर तिला विचार. अण्णाचा नंबर या कागदाच्या मागं लिहिलाय.

काय बोलू, म्हणशील. माफ केलं असं म्हणायची गरज नाही. केलं नसशील तर म्हणूही नकोस, त्याला खोटं लगेच कळतं. ऊस कसा आलाय ते विचार. सांबाराचं सांग. दोघं गप्प बसलात तरी चालेल, तुमच्या घराण्यात पुरुष गप्पच बसतात.

मागच्या भेटीत मी त्याला सांगून ठेवलंय की पुढच्या महिन्यात मी येणार नाही, दुसरं कुणीतरी पडद्यावर दिसेल. कोण, ते सांगितलं नाही. आधी तुला विचारल्याशिवाय तुझं नाव कबूल करणं मला बरोबर वाटलं नाही. त्यानंही विचारलं नाही. फक्त म्हणाला, "कुठल्या वारी?" मी म्हटलं, "ते कळवते."

तेव्हा वार कळव. तब्येतीला जप, रात्रपाळीवरून आल्यावर उपाशी झोपू नकोस. लिंबाचं लोणचं घातलंय, कुणी तिकडं येणारं मिळालं की पाठवते. छकुलीनं आणलेली रिंगणातली माती चिमूटभर या पाकिटात घातलीय, सांडू नकोस.

आणि त्या दिवशी केस नीट विंचरून बस. अण्णा आधी तेच बघेल.

तुझी,
आत्या